डाळजला राहणारा मी

"अवं, डाळजला कोण हाय? आधी ते सांगा. कोण हाय डाळजला?"

बायको ओरडत होती. माझा मोबाईल तिच्या हातात, चष्मा कपाळावर, आणि आवाज असा लागलेला की कळसच्या आमच्या वस्तीवरनं निघालेला तो बारामतीच्या स्टँडवर पोचला असेल आणि तिथं दोन-चार माणसांनी उगाच मागं वळून पाहिलं असेल. गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला. शेजारच्या रानात भावकीतला एकजण पाठीवर पंप घेऊन औषध मारत होता, त्यानं पंप बंद केला. टाकी भरलेली होती. त्याला फक्त नीट ऐकायचं होतं.

"आगं, डाळजला कोण असणार?" मी म्हणालो. "हायवेनं जाताना यष्टीतनं पाटी बघितली असंल. उतरलो न्हाय कधी."

"मग हितं कसं आलं? तुमचं नाव, तुमच्या वडलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, समदं बराबर. पत्ता एक, कळस. पत्ता दोन, मुक्काम डाळज! ही मोटारसायकल कुणाला घिऊन दिली? टेंपो कुणाला? आन् सोनं तारण ठेवलंय म्हनं. कुणाचं सोनं?" तिनं दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवल्या. "माझं तर माझ्या हातात हाय!"

माझ्यावर आजवर पुष्कळ आरोप झाले आणि त्यांतले बरेचसे खरे होते, ते मी नाकारत नाही. पण ह्या आरोपानं मी आतून थोडा फुगलो, हेही खरं लिहितो. वय बावन्न, पोट असं की बसल्यावर त्यावर ताट ठेवता यावं, आणि माझी बायको समजत होती की मी डाळजला दुसरं बिऱ्हाड थाटलंय, तिला मोटारसायकल घेऊन दिलीय आणि वर टेंपोही!

"तिला टेंपो कशाला लागंल?" मी विचारलं.

हे विचारायला नको होतं.

ती मोबाईलमध्ये काय वाचत होती, ते सांगतो. बायकोनं सहा वर्षं दुसऱ्याच्या नर्सरीत रोजंदारी केली. नर्सरी म्हणजे रोपवाटिका. काळ्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, एकेका कप्प्यात एकेक बी टाकायचं, वांगी, टोमॅटो, मिरची, ढोबळी, आणि रोप चार पानांचं झालं की शेतकऱ्याला द्यायचं. सहा वर्षांत तिचा हात असा बसला होता की डोळे झाकून तिनं हजार बिया टाकल्या तर हजारच कप्प्यांत पडतील, एकाही कप्प्यात दोन पडणार नाहीत. हे मी वाढवून सांगत नाही. मी मोजलं होतं, नऊशे अठ्ठ्याण्णव भरले. तिला आता स्वतःची नर्सरी पाहिजे होती. विहिरीजवळचं दहा गुंठे रान तिनं हेरून ठेवलं होतं. त्यावर शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचा मांडव, उभं करायचं, तर कर्ज लागणार. रान माझ्या नावावर, म्हणून अर्जात मी पुढं. शेडनेटवाल्यानं दर सांगितला होता आणि तो दर उन्हाळ्याच्या आत काम दिलं तरच टिकणार होता. उन्हाळा गेला की लागवडी सुरू, आणि लागवडीच्या आधी रोपं तयार नसली तर वर्ष गेलं. दुसऱ्याच्या ट्रेमध्ये बी टाकण्याचं आणखी एक वर्ष.

बारामतीच्या बँकेत आम्ही दोघं गेलो. साहेब पोरसवदा होता. मी त्याला माझं नेहमीचं ऐकवलं, "साहेब, इंदापूर आणि बारामती, दोन तालुक्यांत फिरा. माझ्याकडं रुपया येणं हाय म्हणणारा माणूस दावा, मी मिशी काढून तुमच्या टेबलावर ठेवतो." साहेबानं माझं नाव कॉम्प्युटरला घातलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "काका, मिशी राहू दे. तुमचा स्कोअर खाली आहे. कर्जं बरीच दिसतायत आणि एक बुडीत दाखवतंय. आधी तुमचा रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो."

फुकट ह्या शब्दाला मी फार मानतो. बँकेच्या दारातच, लिंबाच्या झाडाखाली उभा राहून मी मोबाईलवर जे पहिलं फुकटचं ॲप दिसलं ते घेतलं. त्यानं माझं नाव विचारलं, पॅन विचारला, पगार विचारला, लग्न झालंय का विचारलं. एवढी चौकशी माझ्या सासऱ्यानंही केली नव्हती. मग गाडीच्या मीटरसारखा एक काटा दाखवला, काटा लाल रंगात लोळत पडलेला, आणि खाली कर्जांची यादी. लगेच फोन सुरू झाले. बँकेनं कर्ज नाही म्हणून सांगितलं त्याला अर्धा तास झाला नव्हता आणि मला पाच लाख घ्या, आठ लाख घ्या म्हणून कुठल्या कुठल्या गोड आवाजाच्या मुली विनवायला लागल्या. वस्तीवर येईपर्यंत मी बेचाळीस लाखांचा मालक झालो होतो. बायकोनं वैतागून मोबाईल हिसकावला आणि ती यादी वाचायला घेतली. पुढचं तुम्ही ऐकलंच.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन इंदापूरला गेली. "घेऊन गेली" हेच बरोबर आहे, मी गाडी चालवत होतो एवढंच. तिथं ऑनलाइन कामं करून देणारं एक केंद्र आहे. सात-बारा, पीक विमा, दाखले, सगळं एका खोलीत. चालवणारी मुलगी कोर्टातल्या वकिलापेक्षा कडक. तिनं ॲप बघितलं आणि म्हणाली, "हे काढून टाका. तुमची माहिती विकत असंल. कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी असते, तिच्या स्वतःच्या पानावरनं पूर्ण रिपोर्ट काढते. तो खरा."

बायको म्हणाली, "तवर मी समोर ट्रे बघून येते." समोरच्या शेतीमालाच्या दुकानात काळ्या ट्रेच्या थप्प्या लावलेल्या होत्या. शेडनेटचा पत्ता नाही, कर्जाचा पत्ता नाही, आणि ही ट्रे दाबून बघत होती, चेपतात का ते. काचेतून मला ती दिसत होती.

प्रिंटरनं पानं बाहेर काढली. मुलीनं वाचली आणि ती हसायला लागली.

"काका, तुमचा जन्म एक जूनचा?"

"व्हय."

"माझ्या बाबांचापण. चुलत्याचापण."

आता बाहेरच्या वाचकाला हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं एका पिढीचा जन्मच एक जूनला झाला. आया आम्हाला शाळेत घेऊन गेल्या, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, आया म्हणाल्या, ज्वारीच्या काढणीत झाला, नाहीतर गाय व्याली त्या आठवड्यात. मास्तर काय करतील? शाळा जूनमध्ये भरायची, त्यांनी टाकून दिलं एक जून. पोरगा सहा वर्षांचा दाखवायचा तर साल मागं मोजून काढायचं. सरकारी कागदावर बघाल तर एका दिवशी आमच्या तालुक्यात इतकी बाळंतपणं झाली की सुईणींनी रांगेत उभ्या केलेल्या बायका पार भिगवणपर्यंत गेल्या असतील. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वाढदिवस कोण करत होतं?

"कॉम्प्युटरला ते कळत नाही ना," मुलगी म्हणाली. "नाव एक, वडलांचं नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख एक, तालुका एक. जुन्या कर्जांना पॅन जोडलेला नाही. त्यानं दोन माणसांचा एकच माणूस केलाय. डाळजला तुमच्या नावाचे दुसरे कुणीतरी आहेत. त्यांची कर्जं तुमच्या फाईलला आलीत."

माझं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर दोन तालुक्यांतली निदान दीडशे माणसं "काय?" म्हणून ओ देतील.

"सोपं आहे," ती म्हणाली. "तक्रार टाकू. एकेक खातं घेऊन सांगायचं, हे माझं, हे माझं नाही. कंपनी कर्ज देणाऱ्याला विचारते, तीस दिवसांत उत्तर देते. मोटारसायकल?"

"माझी न्हाय."

"टेंपो?"

"न्हाय."

"सोनेतारण?"

"न्हाय."

"हे शेवटचं. मोबाईलवरचं कर्ज, बारामती. एक हप्ता राहिलेला. हेच बुडीत दाखवतंय. सगळा घोळ खरं तर ह्यानंच केलाय, बाकीची तीन तर वेळेवर भरलेली आहेत."

शंभर बैलांत आपला बैल जसा लगेच ओळखू येतो, तसं ते खातं मी ओळखलं.

त्याची गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. चावडीवर, लग्नात, कारखान्याच्या सभेत, एकदा तर मयतीला. बारामतीत हप्त्यानं मोबाईल घेतला होता. दुकानदार म्हणाला होता, मोबाईलवर कुकर फुकट. मोबाईल दिला, कुकर दिला नाही. मी सगळे हप्ते भरले आणि शेवटचा दाबून धरला. कुकर द्या, हप्ता घ्या! त्यांचे फोन आले, मी ऐकलं नाही. त्यांची माणसं आली, मी त्यांना ताक पाजलं आणि हात हलवत परत पाठवलं. दरवेळी सांगताना माणसं वाढत गेली, शेवटी मी एकट्यानं आठजणांना बांधावरनं हुसकावलं होतं. ह्या गोष्टीला पुढं एक शेपूटही फुटलं. मध्यंतरी एका दुपारी अचानक मोबाईलवर ओटीपी आला आणि पाठोपाठ फोन. समोरचा म्हणाला, तुमच्या नावचा राहिलेला हप्ता भरायला एकजण आलेत, तो नंबर सांगा. मी म्हणालो, माझा हप्ता भरायला कोण येतंय रं, माझा मेलेला बाप? आणि अशी शिवी हासडली की टॉवर हलला असेल. भामट्यांना कसं ओळखायचं ह्यावर मी मग गावभर प्रवचनं दिली.

"काका? हेपण तुमचं नाही ना?"

काचेपलीकडं बायको दुकानदाराशी घासाघीस करत होती. हातात एकच ट्रे होता, नमुन्याला.

"न्हाय," मी म्हणालो. "तेबी त्याचंच."

मुलीनं खूण केली आणि बटण दाबलं. एवढं सोपं होतं. मला त्यावेळी वाईटही वाटलं नाही, तेही लिहून ठेवतो. मला वाटलं, तीन आहेतच त्याची, चौथं गेलं तर काय बिघडतं? तो माणूस माझ्या लेखी माणूसच नव्हता. रिपोर्टातल्या दुसऱ्या पत्त्यावर पडलेली एक ओळ होता.

"त्यांनीपण त्यांच्या बाजूनं तक्रार टाकली तर लवकर होईल," मुलगी म्हणाली.

हे दारात आलेल्या बायकोनं ऐकलं. झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही डाळजला. तिला मुळातच जायचं होतं. कॉम्प्युटरवर तिचा विश्वास नव्हता, डाळजच्या घरात कोण बाई आहे हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

डाळज तर तीन आहेत, नंबर घातलेली. पहिल्या चहाच्या टपरीवर मी माझंच पूर्ण नाव घेऊन विचारलं, हे कुठं राहतात? टपरीवाला म्हणाला, "कोण, टेंपोवाले आबा व्हय? सरळ जावा, वांग्याचं रान दिसंल. लई भला माणूस." माझं नाव आणि लई भला माणूस, हे एका दमात मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बायकोनंही नव्हतं. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं.

आबा वांगी निवडत बसले होते. प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये थर लावत होते, देठ सगळे एका बाजूला. कागदावर आम्ही एका दिवसाचे, पण ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे दिसत होते. मी आधी गडगडाट केला. म्हणालो, आबा, तुमी माझ्या फाईलीत घुसलाय, तुमचा टेंपो माझ्या डोक्यावरनं चाललाय, माझ्या घरात तुमच्यापायी महाभारत झालं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग नाव विचारलं, वडलांचं विचारलं, आणि म्हणाले, "आसं हाय तर. मंजी तुमी हाय ते."

त्यांची बायको चहा घेऊन आली आणि मला "भावजी" म्हणाली. तेवढ्यानं माझी बायको सैल झाली. दोघी लगेच वांग्याच्या रोपांवर बोलायला लागल्या, कुठल्या नर्सरीची, किती मेली, किती जगली.

"तुमचा जन्म खरा कधीचा?" मी आबांना विचारलं.

"थंडीतला. आई म्हनायची, शेकोटीपाशी घिऊन बसली हुती. तुमचा?"

"ज्वारी काढायच्या दिसांतला."

मास्तरांनी दोन आयांचं ऐकून घेतलं असतं, तर पन्नास वर्षांनी कॉम्प्युटरला आम्हा दोघांत गल्लत करता आली नसती. पण आयांना तारीख सांगता येत नव्हती आणि मास्तरांच्या कागदात शेकोटी लिहायला जागा नव्हती.

मी रिपोर्टची पानं पुढं केली. आबांनी घरातनं पत्र्याची पेटी आणली. पेटीत पावत्या. साल-सालाच्या वेगळ्या, सुतळीनं बांधलेल्या.

"मोटारसायकल. ही माझी. फिटली." पावती काढून दाखवली.

"टेंपो. माझा. वर्ष राह्यलंय."

"सोनं. माझंच. हिच्या पाटल्या."

मग त्यांचं बोट चौथ्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"हे माझं न्हाय," ते म्हणाले.

मी चहा पीत होतो. कप रिकामा होता तरी पीत होतो.

"ह्यानं मला लई तरास दिला," आबा सांगायला लागले, तक्रारीचा सूर नाही, हवापाणी सांगावं तसं. "दुसरा टेंपो घ्यायचा हुता. गावातली भाजी मावत न्हाय एकात. बँकवाला म्हनला, तुमचा मोबाईलचा हप्ता बुडवलेला दिसतोय. मी मोबाईल तर हप्त्यानं घेतल्यालाच न्हाय. पर मला वाटलं, असंल. इसरलो असू. दोन दिस ही पेटी उपसली. हिला बी इचारलं, पोरीला फोन करून इचारलं, कुणी माझ्या नावानं घेतला का. न्हायच सापडलं. मग म्हनलं, जाऊ दे, माझंच असंल, भरून टाकू. बारामतीला गेलो, पैसं घिऊन. ते म्हनले, तुमच्या मोबाईलवर नंबर आला असंल, तो सांगा. मला कुठला येतोय? त्यांनी फोन लावला. पलीकडनं कुणीतरी शिव्या घातल्या. मंग आलो परत."

त्या दुपारी माझा हप्ता भरायला खरंच एक माणूस खिशात पैसे घेऊन काउंटरवर उभा होता. मी त्याला शिव्या घातल्या आणि त्या शिव्यांवर गावात चहा मिळवला.

आबांचं हे दोघी ऐकत होत्या.  माझी बायको कागदावर वाकली आणि तिनं चौथी ओळ वाचली. मोबाईल, बारामती, एक हप्ता. कुकरची गोष्ट तिनं माझ्या तोंडून निदान चारशे वेळा ऐकली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. पुढचं ती बोलणार नव्हती, एवढं मला कळलं. ती मला जागा देत होती.

आयुष्यात मी कमी शब्दांत कधी काही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं.

"ते माझं हाय."

आबांनी मान हलवली. कुणाचं का असेना, एकदाचं सापडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी कुकरचं सांगायला लागलो, दुकानदाराचं सांगायला लागलो. त्या वांग्याच्या कॅरेटपुढं ती गोष्ट किती लहान झाली होती! आठ माणसांची परत दोन झाली, मग एक. खरं सांगायचं तर एकच आला होता, आणि तोही पत्ता विचारून गेला होता.

परतीला बायको पाठीमागं बसली होती. भिगवण गेलं, ऊस लागला, ऊस संपला. मग कानाशी आवाज आला. ओरडणं नव्हतं, त्यामुळं मी गाडी हळू केली.

"त्या पोरीला काय सांगितलं तुमी? चौथ्याला?"

"माझं न्हाय म्हनून."

"मंजी त्यांच्या डोक्यावर टाकलं."

"व्हय."



"माझी नर्सरी तुमी त्या कुकरात शिजवली," ती म्हणाली.

मी ह्यावर आजवर विचार करत आलोय. कर्ज बुडवणारा माणूस म्हणजे कुणीतरी दुसरा, असंच माझ्या मनात होतं. रिपोर्टात चूक आहे हे कळल्यावर मला आनंदच झाला होता, कारण चूक दुसऱ्याची निघाली की आपण आपोआप खरे ठरतो, असं मला वाटायचं. चूक होतीच. तीन ओळी चुकीच्या होत्या. पण त्या तिन्ही ओळींनी माझं काहीच बिघडवलं नव्हतं, एक भला माणूस वेळेवर पैसे भरत होता एवढंच त्या सांगत होत्या. बिघडवलं ते एकाच खऱ्या ओळीनं, आणि ती माझी होती. आबांनी दुसऱ्याची चूक स्वतःची असेल म्हणून दोन दिवस पेटी उपसली. मी माझी स्वतःची चूक एका खुणेत दुसऱ्याला देऊन टाकली आणि केंद्रातून बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. दोघांची नावं एक, जन्मतारीख एक. कॉम्प्युटरनं चूक केली ती केली, पण आम्हा दोघांत त्याला फरक दिसला नाही ह्याचं मला नवल वाटत नाही. कागदावर तो फरक दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला गेलो, एकटा. मोबाईलला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर ओटीपी आला, मी सांगितला. हप्ता, दंड, व्याज मिळून जे झालं त्यात चार कुकर आले असते, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही, बाजूच्याच दुकानात किंमत विचारून आलो होतो. पैसे भरल्याचं, काही येणं नाही असं पत्र घेतलं. मग इंदापूरला त्या मुलीकडं गेलो आणि म्हणालो, चौथं माझं हाय, तसं लिही.  तिनं जुनी तक्रार उघडली, दुरुस्ती टाकली, पत्र जोडलं. आबांनाही मी माझ्या गाडीवर बसवून तिच्याकडं आणलं. त्यांचीही तक्रार टाकली. सही करताना आम्ही दोघांनी एकाखाली एक तेच नाव लिहिलं. मुलीनं कागद वर धरून दोन्ही सह्या बघितल्या. त्यांची सरळ, माझी शेपटावर शेपूट घेतलेली.

तीस दिवस मी मोजले. त्या तीस दिवसांत बायको रोज जात होती, दुसऱ्याच्या नर्सरीत. मी गप्प होतो. वस्तीवर लोक विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना म्हणून.

उत्तर आलं. दोन फायली वेगळ्या झाल्या. आबांची तीन खाती आबांकडं गेली, माझ्याकडं माझं एक राहिलं. ते राहणारच होतं. बँकेतल्या साहेबानं सांगितलं, "भरलंय हे आता दिसतंय काका, पण उशिरा भरलंय हेही दिसणार. काही वर्षं दिसत राहील." मग त्यानं आकडे केले आणि दहा गुंठ्यांच्या शेडनेटऐवजी पाचचं कर्ज मंजूर केलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायको म्हणाली, "पाच तर पाच. सही कुठं करायची?" तिच्या नावाचा रिपोर्ट साहेबानं काढला होता, तो कोरा होता. तिच्या नावावर कधी काही घेतलंच नव्हतं, घ्यायला तिच्या नावावर काही नव्हतंच.

पाच गुंठ्यांवर हिरवं नेट उभं राहिलं, उन्हाळ्याच्या आत. राहिलेले पाच गुंठे शेजारी तसेच मोकळे आहेत. ती त्यांच्यावरनं जाताना काही म्हणत नाही आणि मी त्या बाजूला फारसा बघत नाही. पण आत शिरलं की ट्रेच्या रांगा, वांगी, मिरची, टोमॅटो, एका कप्प्यात एक रोप. मी पाण्याचं बघतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. बोलायचं काम मला दिलंय.

लागवडी सुरू झाल्या तशी एका सकाळी टेंपो येऊन थांबला. कोरा करकरीत, नंबरही अजून कागदावर लिहिलेला. आबा उतरले. दुसरा टेंपो झाला होता. वांग्याची रोपं पाहिजे होती, तीस ट्रे.

मला जे भरतं आलं ते मी आवरू शकलो नाही. दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत मी गर्जना केली, "आबा! अवं, तुमी आन् पैसं? न्या! तीस न्या, पन्नास न्या! वांगी निघाली की द्या, न्हाय दिलं तरी चालंल! तुमच्यात-माझ्यात कसली उधारी? आपलं नाव एक, जन्मतारीख एक!"

बायको पावतीपुस्तक उघडून बसली होती. तिनं पेन टेकवलं आणि वर बघितलं.

आबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातनं नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या.

"रोख घ्या, वैनी," ते म्हणाले. "आन् पावतीवर गावाचं नाव लिवा."